फडके हौद चौकात हौद कुठे आहे?

आज सकाळी आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतल्या सात मुलांना घेऊन कसबा पेठेत फिरले. सुरुवात शनिवारवाड्यापासून. १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत आतलं जळून गेलं, हे मोठ्या मुलांना पाठ होतं. दिल्ली दरवाज्यावरचे हत्ती अडवायचे खिळे बघितले आणि निघालो.

फडके हौद चौकात मात्र रमलो. "मावशी, इथे हौद कुठे आहे?" सगळ्यात धाकटीने विचारलं. रोज शाळेच्या रिक्षातून याच चौकातून जाते ती! मग तिथेच कोपऱ्यावर उभं राहून सांगितलं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतला आणि जमिनीखालच्या नळातून पाणी थेट शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला उभे झरोके, ठेवले होते. (हा शब्द मुलांना फार आवडला.) एकाने लगेच बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतून उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. इतका आनंद झाला मला!

परतताना नदीजवळच्या जुन्या वाड्यात ओळखीच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. भिंतीवर हात उंच ठेवून म्हणाल्या, "पाणी इथवर होतं बाळांनो." मग एकेक जण त्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कुणाचंच डोकं आजींच्या हातापर्यंत पोचलं नाही.