तुम्ही विचारलंत म्हणून: मानसशास्त्राचं कोणतं पुस्तक वाचू?

"मॅडम, मानसशास्त्राचं एखादं नवीन पुस्तक सांगजा न, इंग्रजी असलं तरी चालते." हा प्रश्न मला कॉलेजात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही येतो. तालुक्याच्या कॉलेजात हा विषय शिकवते म्हणून येतो, पण विचारणारे सगळे बी.ए.चे नसतात. पोलीस भरतीची पोरं असतात, आशाताई असतात, पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन बसते म्हणून काळजीत पडलेली आई असते, आणि कधी एखादा कास्तकार असतो जो पुस्तकाचं नाव विचारतो पण बोलायचं त्याला दुसरंच असते. म्हणून सगळ्यांना एकच नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

अभ्यासिकेतल्या पोरांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे, 'मेक इट स्टिक'. 2014 चं आहे म्हणजे अगदी ताजं नाही, पण रोजच्या कामाचं त्याच्याइतकं दुसरं मला माहीत नाही. त्याच्या तीन लेखकांपैकी एक हेन्री रोडिगर, स्मरणावर आयुष्यभर काम केलेले. त्यांनी आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये एक प्रयोग छापला, काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे, 81 टक्के आणि 75 टक्के. पण आठवड्यानं तपासलं तर दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना 56. आपली पोरं काय करतात, पिवळ्या मार्करनं पान रंगवतात आणि तेच ते वाचतात, वाचताना सगळं येते असं वाटते, अन् पेपरात हात थांबतो. वही बंद करा, कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून पहा, काय राहिलं ते कळते. याला क्लास लागत नाही, फी लागत नाही.

आता बाकीच्यांसाठी. मी पुस्तकाच्या नावाबरोबर दोन प्रश्न देते आणि ते पुस्तकापेक्षा मोठे आहेत असं मला मनापासून वाटते. पहिला, हे कोणावर पाहिलं? दुसरा, कोणी पुन्हा करून पाहिलं का, आणि तेव्हा तसंच आलं का? मानसशास्त्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे काही घडलं ते या दोन प्रश्नांमुळेच. 2015 मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून 100 जुने प्रयोग नव्यानं केले. मूळ निबंधांमध्ये 97 टक्क्यांत ठोस परिणाम दाखवला होता, नव्यानं केल्यावर तो 36 टक्क्यांतच आला. डॅनियल काहनेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' घ्या, 2011 चं, अजूनही सगळीकडे सुचवलं जाते आणि मीही सुचवते. पण त्याच्या चौथ्या प्रकरणात नुसत्या शब्दांनी माणसाचं वागणं नकळत बदलते असे जे प्रयोग आहेत त्यांतले काही पुढं टिकले नाहीत, आणि छोट्या नमुन्यांवर, म्हणजे थोड्याच माणसांवर केलेल्या प्रयोगांवर, आपण फार विश्वास ठेवला असं काहनेमन यांनी 2017 मध्ये स्वतःच कबूल केलं. नोबेल मिळालेला माणूस, तेव्हा वय 80 च्या वर, आणि आपल्याच पुस्तकाबद्दल असं बोलला. मुलांना मी ते प्रकरण मुद्दाम वाचायला लावते आणि मग हे सांगते, कारण विज्ञान म्हणजे काय ते यात दिसते.

आणि कोणावर पाहिलं, तर बहुतेक वेळा पाश्चात्त्य देशांतल्या लोकांवर, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. जेफ्री आर्नेट यांनी 2008 मध्ये अमेरिकेतली मोठी नियतकालिकं तपासली तर 96 टक्के नमुने अशा देशांतले निघाले जिथं जगातली 12 टक्के माणसं राहतात. यवतमाळ, वाशिमची माणसं उरलेल्या 88 टक्क्यांत. याच मुद्द्यावर जोसेफ हेन्रिक यांचं 'द वियर्डेस्ट पीपल इन द वर्ल्ड' हे 2020 चं जाडजूड पुस्तक आहे, वेळ असेल त्यानं वाचावं.

पण एक पुस्तक असं आहे ज्यात शेतकरी आहे. सेंधिल मुल्लाइनाथन आणि एल्दार शाफिर यांचं 'स्कार्सिटी', म्हणजे टंचाई, 2013 चं. तमिळनाडूतले ऊस पिकवणारे 464 शेतकरी, 54 गावांतले, त्यांना एकदा ऊस तोडण्याआधी कोडी घातली जेव्हा हातात पैसा नसतो, आणि मग त्याच माणसांना पीक विकून पैसे आल्यावर घातली. माणूस तोच, आणि पैसे आल्यावर कोडी जास्त चांगली सुटली. हे मी वर्गात सांगते तेव्हा एकदम शांतता होते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी जून ते दिवाळी हेच असते. बियाणं उधारीवर, खत उधारीवर, पोळा येतो अन् कपाशी अजून बोंडावर यायची असते, त्यात पोरीची फी. अशा वेळी बाप एखादा कागद न वाचता सही करतो आणि लोकं म्हणतात कास्तकाराले अक्कल नाही. अक्कल असते बाप्पा, ती दुसरीकडं गुंतलेली असते.

इथंही दुसरा प्रश्न विचारायचाच. 2016 मध्ये अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांना पगाराच्या आधी आणि नंतर असंच तपासलं तर बुद्धीच्या कामात फरक दिसला नाही, आणि टंचाईवरचे इतरही बरेच प्रयोग पुन्हा केल्यावर कमजोर निघाले. मला स्वतःला वाटते की थोड्या दिवसांनी येणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारा पैसा या दोन वेगळ्या गरिबी आहेत, पण ते माझं वाटणं झालं, पुरावा नाही. हे काम कापसाच्या पट्ट्यात कोणीतरी करायला पाहिजे, आणि ते माझ्याच कोण्या विद्यार्थिनीनं केलं तर मला किती आनंद होईल सांगता येत नाही.

मोबाईलची काळजी करणाऱ्या आयांना जोनाथन हाइट यांच्या 'द अँक्शस जनरेशन'बद्दल विचारायचं असते, 2024 चं, खूप गाजलं. सोळा वर्षांपर्यंत सोशल मीडिया नको, शाळेत फोन नको, पोरांना बाहेर मोकळं खेळू द्या, हे सल्ले मला मान्य आहेत. पण पोरांमधलं नैराश्य फोनमुळंच वाढलं हे सिद्ध झालंय असं म्हणता येत नाही, कँडिस ऑजर्स यांच्यासारख्या संशोधकांनी त्यावर स्पष्ट आक्षेप घेतलाय. आणि आपल्याकडे एक फोन अख्ख्या घराचा असतो, तिथं हे चित्र कसं दिसते ते वेगळं पाहावं लागेल.

राहिला तो दुसरंच बोलायला आलेला कास्तकार, आणि त्याच्या घरी जाणारी आशाताई. ताईंसाठी मी विक्रम पटेल यांचं 'व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट' सांगते, पहिलं 2003 चं, शार्लट हॅनलन यांच्यासोबत नवी आवृत्ती 2018 ची. हे पुस्तक माणूस जी तक्रार घेऊन येतो तिथून सुरू होते, झोप येत नाही, अंग दुखते पण तपासणीत काही निघत नाही, दारू सुटत नाही, जीव द्यावासा वाटते. अशा वेळी समोर बसून काय विचारायचं, काय बोलायचं, हे साधं लिहिलंय. आणि हे आपल्याकडे चालते का, तर अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' नावाचा कार्यक्रम केला, गावातल्याच माणसांना शिकवून. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, नंतर 27.2 टक्के झाले, 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आलं. 27 म्हणजे अजूनही बहात्तर-त्र्याहत्तर जण राहिलेच, पण चारवरून सत्तावीस, आपल्याच गावांमध्ये.

पण जो स्वतः त्रासात आहे त्याला मी पुस्तक देत नाही, निदान आधी तरी नाही. त्याच्याजवळ बसते, सरळ विचारते, आणि 14416 हा नंबर त्याच्या फोनमध्ये टाकून देते. टेली मानस, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची सरकारची सोय, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येते. सोबत जिल्हा रुग्णालयात जायला कोणी नसलं तर घरातल्या कोणाला तरी तयार करते.

इंग्रजी जड जाते म्हणणाऱ्यांनी अच्युत गोडबोले यांचं 'मनात' घ्यावं, मानसशास्त्राचा सगळा इतिहास मराठीत आहे, मोठं आहे पण अडखळायला होत नाही. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही त्या नावाच्या मानसतज्ज्ञावरची कादंबरी वर्गातल्या मुली एकमेकींकडून मागून वाचतात. आणि इंग्रजी पुस्तकासाठी चौघी-पाचजणींनी मिळून बसावं, एकीनं प्रकरण वाचून आपल्या बोलीत सांगावं, बाकीच्यांनी ते दोन प्रश्न विचारावेत. आमच्याकडे शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर हेच चालते, बाहेरच्या कोणी आलं तरी चालते, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत.