तोवे आणि पेथिडिनचं कपाट

"मावशी, तिसरा भाग तुझ्या खात्यातला आहे," अशी चिठ्ठी चिकटवून भाचीने मला तोवे डिट्लेव्हसन या डॅनिश कवयित्रीच्या आठवणी पाठवल्या. इंग्रजीत तिन्ही भाग एकाच पुस्तकात मिळतात. माझं खातं म्हणजे आधी बाळंतपणाचा वॉर्ड आणि पुढे ऑपरेशन थिएटर. निवृत्त होईपर्यंत नार्कोटिक्सच्या, म्हणजे सवय लागणाऱ्या वेदनाशामकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. दुहेरी कुलूप, रजिस्टर, रिकामी अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही, सिरिंजमध्ये उरलेलं औषध टाकायचं तर दोघींच्या सह्या. तिसऱ्या भागात भाषांतरकाराने ज्याला डेमेरॉल म्हटलंय, ते आमच्या रजिस्टरातलं पेथिडिन, मॉर्फिनच्या जातीचं तीव्र वेदनाशामक. ते वाचायला लागले आणि संध्याकाळचा कुकर लावायचा राहिला.

पण आधी बाई कोण ते सांगते. कोपनहेगनमधल्या व्हेस्टरब्रो या कामगारवस्तीत 14 डिसेंबर 1917 ला जन्म. ती स्वतः मात्र 1918 सांगायची. (केसपेपरवर वय कमी सांगणाऱ्या पुष्कळ बायका मी लिहून घेतल्यात, त्यामुळे इथेच ती मला आपली वाटली.) वडील बॉयलरच्या भट्टीवर कोळसा टाकायचं काम करणारे, समाजवादी, वाचनवेडे, आणि मधूनमधून बेकार. त्यांनाही तरुणपणी लेखक व्हायचं होतं. तरी लेकीने कवी व्हायचं म्हटल्यावर म्हणाले, मुलगी काही कवी होऊ शकत नाही. मग ती वहीत लपूनछपून कविता लिहायला लागली. वही भावाच्या हाती लागली तेव्हा तो पोट धरधरून हसला. आईच्या मूडचा अंदाज घेत घरात वावरायचं हे ती इतकं बारकाईने लिहिते की वाचताना आपणही दबकत चालतो. बालपण हे शवपेटीसारखं लांब आणि अरुंद असतं, आपलं आपल्याला त्यातून बाहेर पडता येत नाही, हे तिचं वाक्य डेन्मार्कमध्ये खूप प्रसिद्ध आहे.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा संपली. हुशार होती, पुढे शिकायचं होतं, पण ती गोष्ट त्या घरात निघण्यातली नव्हती. लोकांच्या घरी मोलकरीण, मग ऑफिसात टायपिंग. कविता घेऊन एका संपादकाकडे गेली तर तो म्हणाला, दोन-एक वर्षांनी ये. तेवढ्यात तोच वारला. शेवटी 1937 साली 'व्हिल व्हेदे' नावाच्या मासिकात पहिली कविता छापून आली, आपल्या मेलेल्या बाळाला उद्देशून. तेव्हा तिला मूल नव्हतं, लग्नही नव्हतं. त्या मासिकाचे संपादक व्हिगो एफ. म्योलर यांच्याशी तिने 1940 मध्ये लग्न केलं. ती बावीसची, ते पन्नाशी ओलांडलेले. तोपर्यंत पहिला कवितासंग्रहही आला होता. लग्न टिकलं नाही. पुढचं 1942 मध्ये, एबे मुंक नावाच्या विद्यार्थ्याशी, त्याच्यापासून एक मुलगी. एकूण चार नवरे झाले. नवऱ्यांची यादी वाचून नाक मुरडणाऱ्या वाचकांना मी एवढंच सांगेन की मधला एक वाईट काळ सोडला तर चारही लग्नांत ती टाइपरायटरपासून हलली नाही. कविता, कादंबऱ्या, कथा, लेख सुरूच होते.

कविता यमकातल्या, सोप्या. समीक्षकांना त्या जुन्या वळणाच्या वाटायच्या, कारण तेव्हा वारं नव्या, अवघड कवितेचं होतं. बायकांनी मात्र त्या तोंडपाठ केल्या. त्याच बायका तिला पत्रंही लिहायच्या, कारण 1956 पासून जवळपास वीस वर्षं ती 'फामिली युर्नालेन' या घरगुती साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नवरा बोलत नाही, सासू ऐकत नाही, मुलगी बिघडली. जिचा स्वतःचा संसार असा, ती लोकांना काय सांगणार, असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. वॉर्डमध्ये नव्या पेशंटची भीती घालवायला शेजारच्या खाटेवरची जुनी पेशंटच लागते, राउंडला आलेले मोठे डॉक्टर नव्हेत.

आठवणींचे पहिले दोन भाग 1967 मध्ये आले, तिसरा 1971 मध्ये. त्या तिसऱ्यात युद्धाचे दिवस आहेत. जर्मनांनी डेन्मार्क ताब्यात घेतलेलं, आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेली तोवे गर्भपातासाठी डॉक्टरमागून डॉक्टर पालथे घालतेय. एकामागून एक नाही म्हणतात. डेन्मार्कमध्ये बाईला स्वतःच्या मर्जीने हा हक्क मिळायला 1973 उजाडलं. आपल्याकडचा कायदा 1971 चा, त्यात डॉक्टरचं मत लागतं. पण कायद्याआधीच्या काळात काय काय व्हायचं, ते आमच्या वरिष्ठ सिस्टर सांगायच्या. रात्री ॲडमिट झालेल्या, अंगात सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाचं विष पसरलेल्या मुली. तोवेच्या त्या पानांमध्ये रक्त जवळजवळ नाही, तरी मला ती सगळ्या पुस्तकातली सर्वांत भीतिदायक वाटली.

आणि मग कार्ल येतो. हा डॉक्टर. एका पार्टीत ओळख, त्यातून पुन्हा गर्भ, या वेळी तो स्वतःच क्युरेटिंग करतो, म्हणजे गर्भपिशवी खरवडून साफ करतो, आणि त्याआधी तिला पेथिडिनचं इंजेक्शन देतो. तोवे लिहिते की ती प्रेमात पडली ती सिरिंजमधल्या स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाच्या, सिरिंज धरणाऱ्या माणसाच्या नव्हे. ते कायम मिळावं म्हणून एबेला सोडून 1945 मध्ये तिने कार्लशी लग्न केलं.

पेथिडिन तेव्हा अगदी नवं होतं. तिसाच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत तयार झालेलं, आणि बराच काळ डॉक्टरांची समजूत अशी की मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही. समजूत साफ चुकीची. त्याचा अंमल दोन-चार तासांचा, उतरला की पुन्हा हवं. आम्ही कळा देणाऱ्या बायकांना ते दिलंय. चेहरा सैल होताना बघितलाय. म्हणून ती पहिल्या इंजेक्शनचं जे वर्णन करते त्यात मला काहीही वाढवून सांगितलेलं वाटलं नाही.

खरं कौतुक मला वाटलं ते लबाडीच्या वर्णनाचं. कान दुखतो म्हणून ती कार्लला सांगते. दुखणं असं निवडायचं की बाहेरून दिसत नाही आणि खोटं ठरवता येत नाही. आमच्याकडे मुतखडा म्हणून यायचे, बरोबर कमरेला हात लावून, आणि औषधाचं नाव स्वतःच सांगायचे. अनुभवी सिस्टर तिथेच सावध होते. इथे सावध व्हायला कुणी नव्हतं, कारण सिरिंज नवऱ्याच्याच बॅगेत. कार्लला दुखणं खरंच वाटतं, तो कानाच्या डॉक्टरांकडे खेटे घालतो. शेवटी एक सर्जन ऑपरेशनला तयार होतो. तोवे इंजेक्शन बंद होऊ नये म्हणून धडधाकट कान कापून घेते, आणि त्या कानाने तिला ऐकू येईनासं होतं. तिला याचं विशेष दुःखही होत नाही! एवढं लिहून ती पुढच्या वाक्याला लागते. मी पुस्तक उलटं ठेवून गॅलरीत जाऊन आले.

पुढचा क्रम कुठल्याही सिस्टरला पाठ असेल. हाताच्या शिरा सापडेनाशा होतात. झोपेसाठी क्लोरल, दिवसा मेथाडोन, तेही पेथिडिनच्याच जातीचं. जेवण सुटतं, मुलं मोलकरणीच्या हाती, लिहिणं बंद. ते थांबलं तेव्हा तिलाही भीती वाटली असावी. मग व्होर्डिंगबोर्गजवळच्या ओरिंगे या मनोरुग्णालयात भरती, तिथले ते औषध तोडण्याचे दिवस. त्यानंतर 1951 मध्ये व्हिक्टर आंद्रेआसनशी चौथं लग्न. पुढे तो 'एक्स्ट्रा ब्लाडेट' या दैनिकाचा संपादक झाला. ते लग्न मोडल्यावर तिने त्यावरून 1975 मध्ये कादंबरी काढली, आणि पुढच्या वर्षी 7 मार्चला तिने आपलं आयुष्य संपवलं. ती 58 वर्षांची होती.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ती बरी झालेली आहे, आणि तरी औषधाच्या दुकानाच्या काचेसमोर पाय थबकतात. जिवंत आहे तोवर ही ओढ जाणार नाही, असं ती सरळ लिहून टाकते. व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतींवरची पोस्टर्स असं कधी सांगत नाहीत. केंद्रातून परत आलेले पेशंट सांगतात, तेही डॉक्टर राउंड संपवून गेल्यावर.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. कार्लवर ती कुठेच ओरडत नाही. त्याचं विचित्र वागणं, त्याचं स्वतःचं ढासळतं डोकं, सगळं शांतपणे मांडते, जणू तोही तिच्यासारखाच एक पेशंट. लेखिका म्हणून ते मोठेपण असेल. मी लेखिका नाही. बायकोला घरी पेथिडिन टोचणाऱ्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन पहिल्या महिन्यातच रद्द व्हायला हवं होतं.