एकच मार्क?

मनूला वजनकाट्यावर घेतलं की तिची आई भिंतीकडे बघत उभी राहते. मनू उभी राहू शकत नाही, म्हणून मी तिला उचलून घेते आणि नंतर माझं वजन वजा करते. त्या दिवशी पंधरा किलो भरलं.

"म्हणजे आता पाच एमएल," आई पुटपुटली. इतर आया पाव किलो वाढलं तरी पेढे वाटतील. या बाईच्या पोटात गोळा येतो, कारण औषध किलोवर मोजून द्यायचं असतं.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. मनू (नाव बदललंय) साडेपाच वर्षांची, तिला एसएमए टाइप २ हा स्नायू दुबळे करत जाणारा जनुकीय आजार आहे. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन१ हे जनुक तिच्यात कामच करत नाही. त्यामुळे मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. बुद्धीला काही धक्का नाही. मला दिवसभर पुरेल एवढं ती अर्ध्या तासात बोलते.

हालचाली तपासायच्या आमच्या चाचणीत ६६ गुण असतात. तीन वर्षांत मनूचे १६, मग १५, मग १३ झाले. टाचा ताणायच्या, स्प्लिंट बांधायचे, पाठ वाकडी होऊ नये म्हणून धडपडायचं आणि घसरगुंडी कागदावर लिहून ठेवायची, एवढंच माझ्या हातात होतं. रिसडिप्लाम नावाचं या आजारावरचं औषध आहे हे ठाऊक होतं, पण मूळ कंपनीच्या एका बाटलीची किंमत सहा लाखांवर. दुर्मीळ आजारांसाठी सरकारी मदतीची मर्यादा ५० लाख, म्हणजे आठ बाटल्या. मनूच्या वजनाला बाटली सोळा दिवस पुरते. पुढचं गणित मी कधी मोठ्याने केलं नाही.

ऑक्टोबर २०२५मध्ये कोर्टाने पेटंटच्या वादात हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीला अडवायला नकार दिला आणि त्याच औषधाची तिची बाटली १५,९०० रुपयांना आली. तरी महिन्याला दोन बाटल्या! मनूचे पप्पा रिक्षा चालवतात, आई ब्लाउज शिवते. दोन काका आणि एक ट्रस्ट मिळून कसंबसं भागतंय.

औषध नक्की करतं काय, हे आईने विचारलं तेव्हा मी तिच्याच धंद्यातलं सांगितलं. शरीरात त्या जनुकाची एक जादा प्रत असते, एसएमएन२. पण ही प्रत शिवते ते बहुतेक ब्लाउज बिनबाहीचे निघतात आणि टिकत नाहीत. हे औषध बाही लावायची आठवण करून देतं. "आणि उसवून गेलेलं?" तिने विचारलं. ते परत येत नाही. मेलेल्या पेशी मेल्याच.

मग तिने मोबाइलवर वाचलेलं काढलं. अमेरिकेत एका गरोदर बाईने शेवटचे सहा आठवडे हेच औषध घेतलं आणि तिच्या मुलीत अडीच वर्षांपर्यंत आजाराची लक्षणं दिसली नाहीत. बातमी खरी आहे, २०२५मध्येच छापून आली. "मनूच्या वेळी असतं तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मी उगाच स्प्लिंटचे पट्टे घट्ट केले.

औषध सुरू होऊन चार महिने झाले होते. चाचणीत एक कृती असते: बसल्या बसल्या हात डोक्याला लावायचा. मनू नेहमी डोकंच हाताकडे खाली आणायची. त्याला एक गुण. त्या दिवशी मी तिच्या बोटावर लाल टिकली चिकटवली आणि म्हटलं, "लाव बघू." कोपर थरथरलं. जीभ दाताखाली. हात छातीपाशी अडकला, मग हनुवटीपर्यंत आला, मग... मान जागची हलली नाही. टिकली डाव्या भुवईवर बसली, पण बसली!

दोन गुण. बाकी सगळं होतं तसंच. बेरीज १४.

"एकच मार्क?" आई म्हणाली.

मी तिच्यापुढे जुने तिन्ही कागद ठेवले. १६, १५, १३. ती बराच वेळ बघत राहिली. मनूने तोवर आरसा मागितला, टिकली वाकडी आहे म्हणून कुरकुर केली आणि दुसरी मागितली.

निघताना आईने दारात थांबून विचारलं, "मॅडम, वीस किलोनंतर डोस वाढत नाही म्हणाले ना डॉक्टर?"

"नाही. वीसला जेवढा, तेवढाच पुढे."

"मग खा गं बाई," ती मनूला कडेवर घेत म्हणाली, "लवकर वीसची हो."