मंडळाची पणती

सहामाही परीक्षा संपली, की पहिल्याच रविवारी आमच्या डोंबिवलीच्या मंडळाच्या हॉलमध्ये रॉकेलचा वास सुटायचा. नवरात्रात भोंडला, तसा दिवाळीआधी हा शुभेच्छापत्रं छापण्याचा दिवस. बाजारात सोनेरी कडांची कार्डं मिळत होतीच, पण मंडळातल्या एखाद्या घरून विकतचं कार्ड गेलं तर ते कमीपणाचं वाटायचं.

कागदाला पैसे पडत नसत. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात कापून उरलेल्या जाड पट्ट्या आमच्यासाठी ठेवलेल्या असत. त्यामुळे कार्डाचा आकार पट्टी ठरवायची, आम्ही नाही. काळ्या शाईचा डबाही तिथूनच यायचा. लिनोचा, म्हणजे कोरून ठसा करायच्या लिनोलियमच्या पत्र्याचा, तुकडा आणि कटर मात्र ड्रॉइंगच्या सरांचे, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. नंदलाल बोस यांनी १९३० साली, दांडीयात्रेच्या वर्षी, लिनोवर कोरलेले काठी टेकत निघालेले गांधीजी एका जुन्या मासिकातून कापून त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवले होते. दरवर्षी ते आम्हाला दाखवत आणि म्हणत, "रेघा मोजा. आहेत किती? मग आपल्या एका पणतीला एवढी नक्षी कशाला?"

लिनो आधी ऑक्टोबरच्या उन्हात ठेवायचा. तो मऊ पडला, की कटर लोण्यातून गेल्यासारखा जातो. थंड असला तर सटकतो. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. चित्र सोपं, खरं दुखणं अक्षरांचं. ट्रेसिंग पेपर पालथा घालून ती उलटी उतरवून घेता येतात. शिरोरेखा जाड ठेवली तर अक्षरं तिला धरून राहतात. पण वेलांटीचं वळण आणि उकाराचं शेपूट जरा छाप काढले की तुटतं. 'दीपावली'त तर दोन वेलांट्या. शेवटी सरांनी नुसतं 'शुभ' ठेवलं, तेही चांगल्या जाडजूड उकाराचं.

काचेवर शाई घेऊन रोलर फिरवायचा. थर जमला की चिकट चर्र आवाज येतो, तोवर घाई करायची नाही. मग लिनोवर कागद ठेवून पळीच्या पाठीने घासायचं. हे काम काकूमंडळींचं, कारण दाब कुठे किती द्यायचा हे त्यांच्या हाताला बरोबर कळे. पहिले एक-दोन छाप फिकटच येणार, ते मोजायचे नाहीत. तेलाची शाई, वाळायला चांगले तीन-चार दिवस. म्हणून हॉलभर दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं टांगलेली, आणि उंच माणसांना वाकून चालायची शिक्षा.

लहान मुलांना कटर नाही. त्यांच्यासाठी भेंड्या. कोवळी भेंडी या कामाची नाही, चांगली जून हवी. आडवी कापली की आयतं फूल. पाकिटांच्या कोपऱ्यांवर तीच फुलं उमटायची. माझ्या मते कार्डापेक्षा पाकीटच देखणं व्हायचं, पण हे सरांपुढे बोलायची सोय नव्हती.

दाराशी टेबल टाकून टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका बसत. पत्त्यावर पिनकोड नसला तर ते पाकीट परत करत. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, वर संस्कृतातले कवी, हे ते प्रत्येकाला ऐकवत. त्यांचं दुसरं काम पाकिटं डिंकाने बंद होऊ न देणं. झाकण आत खोचून वर 'बुक पोस्ट' लिहिलं, की तिकीट स्वस्तात पडे.

मग त्या दिवाळीत कुडाळच्या मामांकडे, नागपूरच्या आत्याकडे, शेजाऱ्यांच्या इंदूरच्या लेकीकडे एकच पणती पोचायची. एकच म्हणायची इतकंच. कुणाची ज्योत शाई जास्त झाल्याने भरलेली, कुणाची पुसट. आत्या पत्रात लिहायची, "यंदा घासायला वहिनी नव्हती वाटतं!" आणि तिचं बरोबर असायचं.

मंडळात हा रविवार अजून होतो. लिनोऐवजी आता मऊ रबरी पत्रा मिळतो, त्याला उन्हात ठेवावं लागत नाही. आता अडतं ते पत्त्यांपाशी. पुतण्यांना पत्ता विचारला तर ते मोबाइलवर लोकेशन पाठवतात; ते पाकिटावर लिहायचं कसं? म्हणून हल्ली बोलावण्यातच ठळक लिहितो: येताना पत्ते पिनकोडसकट कागदावर उतरवून आणावेत, आणि जमलं तर जुनी पळी.