वाडीच्या पलीकडचं गाव

कोल्हापूरकर माणूस पौर्णिमेला वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला जातो. दत्ताचं दर्शन घेतो, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतो, घाटावर पाय बुडवून बसतो आणि पाण्यापलीकडं बोट दाखवून विचारतो, "ते कुठलं गाव?" ते माझं माहेर, कुरुंदवाड. लग्न होऊन रंकाळ्याजवळ राहायला आले, तेव्हापासून हा प्रश्न ऐकतेय. "वाडीच्या पुढं" एवढंच उत्तर देऊन आता कंटाळा आला, म्हणून हे लिहितेय.

जागा आधी समजून घ्या. कृष्णा उत्तरेकडून, सांगलीवरून येते. हरिपूरला तिच्यात वारणा मिळालेली असते. आपली पंचगंगा पश्चिमेकडून, कोल्हापूर, रुई, इचलकरंजी, तेरवाड अशी वळसे घेत येते. दोघी जिथं भेटतात त्या बेचक्यात नृसिंहवाडी आहे, पंचगंगेच्या दक्षिणेला कुरुंदवाड आणि कृष्णेच्या पलीकडं औरवाड. नकाशावर बघायला छान वाटतं. पावसाळ्यात तिथं राहून बघा.

शहरातल्या माणसाला पूर म्हणजे वरनं लोंढा येतो असं वाटतं. आमच्याकडचा पूर तसा नसतो. कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेला तिच्यात शिरायला वाट मिळत नाही. मग ती थांबते, फुगते आणि मागं सरकते. गावातली जुनी माणसं म्हणतात, "पाणी वरनं न्हाई, खालनं येतंय." फुगवट्याचं पाणी आवाज करत नाही. ओढ्यानं, पाणंदीनं, गटारीनं उलटं चढत येतं आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहतं.

म्हणून कोल्हापुरात लोक राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, तसं एका आकड्यावर कुरुंदवाडचं भागत नाही. आमच्या अण्णांना राजाराम बंधारा पाहिजे, सांगलीचा आयर्विन पूल पाहिजे, कोयनेतनं किती सोडलं ते पाहिजे आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती बाहेर पडतंय तेही पाहिजे. हे सगळं ऐकून झालं की ते चपला घालून पाण्याच्या कडेला जातात आणि एक काटकी रोवतात. अगदी पाणी टेकतंय तिथं. पंधरा-वीस मिनिटं कुणाशी तरी गप्पा मारायच्या आणि परत बघायचं. काटकी पाण्यात गेली असली तर चढ, कोरडी राहिली तर थांबलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी फोनवरनं विचारत होते, "अण्णा, बाहेर पडा की आता," आणि ते म्हणत होते, "थांब, तिसरी काटकी गेली की जित्राबं हलवतो." आधी म्हशी, मग माणसं, हा आमच्याकडचा क्रम. त्यात फार चूक आहे असंही नाही. माणूस माडीवर चढू शकतो, म्हैस कुठं चढवणार?

त्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. गावच्या कट्ट्यावर ते अजून कुणी मान्य केलेलं नाही. त्यात आता कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरनं ५२४ मीटरच्या वर न्यायची आहे, त्यामुळं ती चर्चा माझ्या हयातीत तरी संपत नाही. मला स्वतःला वाटतं, पात्राकाठची भर आणि बांधकामं यांच्याकडंही तितक्याच रागानं बघायला हवं. पण हे माहेरी मोठ्यानं बोलायची सोय नाही.

आणि हेच चढणारं पाणी पलीकडं उत्सव होतं, हे आमच्या भागाचं अजब आहे. वाडीच्या देवळात पाणी शिरून पादुकांवरनं दक्षिण दारानं बाहेर पडलं की तो दक्षिणद्वार सोहळा. लोक त्या पाण्यात स्नान करायला धावत येतात. उत्सवमूर्ती तोवर वर नारायणस्वामींच्या देवळात गेलेली असते.

आता इतिहास. आमच्या घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी म्हणून जागा दाखवतात. १६९७ साली त्यांची हत्या झाली ती इथनं बरीच लांब, शंभूमहादेवाच्या डोंगराच्या बाजूला. औरंगजेबाच्या छावणीला झोप लागू न देणारा हा सेनापती, आणि त्याच्या समाधीपाशी चौकशी करायला येणारी माणसं फार थोडी.

पुढं गाव पटवर्धनांचं झालं. सांगली, मिरज, जमखंडी तसंच हेही एक पटवर्धनी संस्थान. १८५४ साली त्याच्याही वाटण्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एवढंसं संस्थान आणि त्याच्या दोन पात्या! ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. कोल्हापूर विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणजे आम्ही तुमच्या आधी वर्षभर. सासरी हे मी मुद्दाम सांगते.

विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, हे मात्र सगळ्यांना माहीत हवं. जन्म १८ ऑगस्ट १८७२, वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात चेहरा भाजला आणि डोळे अधू झाले. शिकून नोकरी करण्याची वाट बंद झाली, तेव्हा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला गेले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं पैसे देऊन शाळेत शिकता येतं ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

आणि मशिदीतले गणपती. कुडेखान, ढेपणपूर, शेळके, बैरागदार, कारखाना अशा आमच्या मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. मोहरम आणि गणपती एकत्र आले त्या वर्षी पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली होत्या. टीव्हीवाले आले, मोठमोठं बोलून गेले. गावात मात्र त्या दिवसांत आरती किती वाजता आणि प्रसादाला काय, एवढीच चौकशी असते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर जाऊन बघा. वरच्या गावांचं सांडपाणी येऊन साठतं, जलपर्णीचं केंदाळ पसरतं, एखाद्या वर्षी मासे मरून तरंगतात. ज्या नदीच्या गाळावर आमच्या मळीच्या रानातली वांगी पोसली, तिचं पाणी पिताना आता विचार करावा लागतो. पुराच्या बातम्या होतात, याची बातमी दोन दिवसांत शिळी होते.

यायचं असेल तर थंडीत या. पुलावरनं अलीकडं उतरा, घाट बघा, मग खिद्रापूरची वाट धरा. तिथलं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या वेळचं आहे. स्वर्गमंडपाला अठ्ठेचाळीस खांब आणि वर छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. शंकराच्या देवळात नंदी दिसेना म्हणून शोधत बसू नका. तो यडूरला आहे, कर्नाटकात. सकाळी लवकर निघालात तर तोही त्याच दिवशी बघून होतो.