मुका 'के' आणि पावसाळी रविवार

डिचोलीत आज दिवसभर पाऊस. बाहेर जायचा बेत बारगळला, म्हणून दुसरीतल्या लेकीचं इंग्रजी स्पेलिंग घ्यायला बसले. 'नाइफ' तिने सरळ 'एन'पासून सुरू केलं. म्हटलं, बाय, आधी 'के' असतो. "मग तो बोलत का नाही?"

पूर्वी इंग्रज तो उच्चारत, पुढे उच्चार गळला नि अक्षर तेवढं राहिलं, असं सांगितलं. तर म्हणते, "आजीच्या घरातल्या बंद खोलीसारखं?" यापुढे काय शिकवणार!

मग मोबाइल काढला. स्टारफॉल या ॲपवर अक्षराचा आवाज ऐकून शब्द जुळवायचे असतात; 'कॅट', 'हॅट' पटापट जमले. उच्चार मात्र पक्के अमेरिकन, ती तश्शीच नाकात बोलायला लागली. गुगलचं रीड अलाँग तिला जास्त आवडलं. आपण मोठ्याने वाचायचं, अडलो की त्यातली दिया नावाची बोलकी मदतनीस शब्द म्हणून दाखवते. मराठीतही आहे, आणि उतरवून ठेवलेल्या गोष्टी नेटशिवाय चालतात. आमच्याकडे पावसात नेटचं काय होतं ते सांगायला नको.

खरी मजा स्टोरीवीव्हरवर आली. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेने 2015 मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं ऑनलाइन भांडार फुकट आहे, गोष्टी वाचनाच्या चार पायऱ्यांत लावल्यात. मराठी गोष्ट संपवून लेकीने कोंकणी उघडली. लिपी देवनागरीच, त्यामुळे वाचता आली. पण हेल पार मराठी. आतून सासूबाई ओरडल्या, "अशें न्हय गो!" आणि चष्मा शोधत येऊन शेजारी बसल्या. अजून दोघी तिथेच आहेत, भात मीच लावलाय.