पोट धुतलं होतं का?

ऑगस्ट २०१७. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याला दैनिकाचा वार्ताहर म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे बातमी, जाहिरात, अंकांची वसुली, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. सकाळी ठाणं, दुपारी तहसील, संध्याकाळी साडेसहाच्या आत मेल.

त्या सकाळी ठाणे अंमलदारांनी डायरी पुढे सरकवली. आकस्मिक मृत्यू, शेतकरी, 'विष प्राशन केल्याने'. मी नाव-गाव उतरवलं आणि चार ओळी ठोकल्या: 'कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या'. कर्जबाजारी कुठून आलं? माझ्याच डोक्यातून. आमच्याकडे हे दोन शब्द जोडीनंच फिरतात.

दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयासमोरच्या टपरीवर तिथला वॉर्डबॉय चहाचा ग्लास घेऊन शेजारी बसला.

"थे बातमी तुमीच देल्ली का जी?"

"हो. का?"

"विष पिलेल्या माणसाच्या नाकातून नळी टाका लागते, पोट धुवा लागते. थे काम माह्याच हातचं हाय. याचं पोट धुतलंच नाही. कपडे काढून आंग धुतलं साबणानं. सदरा पाठीकडून वला गच्च, अन् वास सदऱ्याले."

पाठीकडून म्हणजे पंप. गळका पंप पाठीवर घेऊन तो डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारत होता. अंगावर, श्वासात औषध गेलं. चहा माझ्या हातात तसाच निवला.

दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाला फोन केला. साहेब एवढंच म्हणाले, "तुझ्या वॉर्डबॉयचं नाव छापता येईल?" नाही. त्याची नोकरी जाईल. "मग तेच दुसऱ्या कोणाकडून काढ."

डॉक्टर बोलेनात. 'हा माणूस फवारणीत गेला का?' असं विचारलं की ते शवविच्छेदनाच्या अहवालाकडे बोट दाखवत. दारातून परत फिरलो आणि विचारलं, "सर, पोट धुतलं होतं का?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "नाही. गरज नव्हती." मग त्यांनी ठाण्याला पाठवलेल्या सूचनापत्राची प्रतही दाखवली. त्यात फक्त 'पॉयझनिंग' होतं. ठाण्यात त्याचं 'विष प्राशन' झालं, माझ्याकडे येऊन आत्महत्या. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं.

फरक नुसता शब्दाचा नव्हता. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत तेव्हा फवारणीच्या विषबाधेनं मृत्यू झाला तर दोन लाख मिळायचे; आत्महत्येला त्यात जागा नव्हती. आत्महत्येची मदत एक लाख, तीही जिल्हा समितीनं पात्र ठरवली तर. त्यासाठी थकलेलं कर्ज दाखवावं लागतं. या माणसावर कर्जच नव्हतं, हे पटवाऱ्यानं सातबारा काढून दाखवलं. म्हणजे माझ्या चार ओळी खऱ्या धरल्या असत्या तर त्याच्या बायकोला दोन्हीकडून काही नाही.

गावात गेलो. कोतवाल सोबत होता. पंप कुडाला टेकवलेला, नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. फोटो घेतला. पुढे महिना-दीड महिन्यात जिल्ह्यात फवारणीनं वीसहून जास्त माणसं गेली आणि मुंबईचे कॅमेरे आले. तेव्हा मात्र ही एका गावाची गोष्ट होती, आणि माझी दुरुस्ती आतल्या पानावर खाली कोपऱ्यात लागली.

निघताना बाईनं प्लॅस्टिकची पिशवी आणली. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, आणि घडी घातलेलं एक कात्रण. माझंच, पहिलं.

"पोरानं कापून ठेवलं. मले वाचता नाही येत. तहसीलात हे बी लावा लागते का भाऊ?"

"नाही वहिनी," म्हटलं, "हे मला द्या."

तिनं दोन्ही हातांनी दिलं.